हुसेनच्या हातचा तंबोरा

दिवा जराकसा मांगं सरकवा, डोळ्यात येऊन राह्यला. हां, तं तंबोऱ्याचं इचारता तुमी?

अकोल्याच्या जुन्या शहरात हुसेनचं दुकान. पयले त्याचा तंबोरा म्हनजे काय सांगू बाप्पा! तार छेडली का जीव गार होये. मंग साता समुद्रापार कुठीसी लढाई लागली, कापसाले सोन्याचा भाव आला, आन आमी येड्यावानी वावराच्या बांधापावतर, पार धुऱ्यापावतर कापूस पेरला. धुऱ्यावरचे भोपळ्याचे वेल गेले. हुसेनले पक्का वाळला भोपळा भेटेना. कवळ्या भोपळ्याचे तंबोरे बद्द वाजू लागले, फुटक्या मडक्यावानी. गिऱ्हाईक तुटलं.

औंदा मात्र जो तो म्हने, हुसेनचा तंबोरा पुन्ना गोड झाला. माही बायको कौशल्या भजनात गाये. आमच्या भातकुली गावात तसा गळा नाही. तिच्यासाठी दोघं बैलाच्या दमनीतून गेलो.

भर दुपार. दुकानात लाकूड चिकटवाच्या सरसाचा वास. हुसेनची पोट्टी नईमा पडद्याआड होती. पयले दिवसभर गुनगुने, आता चिडीचूप.

"आवाज बसला तिचा," हुसेन खाली पाहूनच बोलला. मंग त्यानं एक हिरवट भोपळा पुढं केला. "भाभी, याचं तोंड बुजवाच्या आंधी आत एक सूर सोडा. जिसका साज, उसका सूर... आमचा रिवाज हाय."

पडद्यातून नईमाचा हात बाहीर आला, जोरजोरात हालला. परक्याच्या बाईमानसाकडं काय पाहाचं म्हून म्या तोंड फिरवलं. कौशल्या हासली, "सलाम करते वाट्टे," आन वाकून सूर लावला. 'नाही' म्हनत होती हो ती पोट्टी, 'नाही' म्हनत होती!

सूर आत गेला... बाहीर आलाच नाही. हुसेननं झटकन भोपळ्याच्या तोंडावर लाकडाची पाटी दाबली. "माफ करा, खुशालभाऊ," एवढंच पुटपुटला.

तंबोरा घरी आला. असा गोड, का आयकनाऱ्याच्या डोळ्याले पानी. पन कौशल्याचे ओठ नुस्ते हालते. रोज हाताच्या खुनेनं एकच सांगते, फोडा तो, म्हनजे माहा गळा सुटन. माहा जीव तुटते तिच्यासाठी. काल ती विहिरीवर गेली आन म्या कुऱ्हाड काढली.

तवा भितीवर टांगलेल्या तंबोऱ्यातून हळूच आवाज आला. तिचाच...

"अवो... मले खाली घ्या ना. आन माहं लुगडं नेसून घरात कोन फिरून राह्यली?"

म्या मांगं पाह्यलं. दारात कौशल्या घागर घेऊन उभी. तिनं कुऱ्हाडीकडं पाह्यलं, आन तंबोऱ्याकडं बोट केलं.