चंद्रीचा घटसर्प

डॉ. रघुवीर टिपणीस सकाळी गिरगावातल्या घरून निघाले की परळच्या प्रयोगशाळेत पोचेपर्यंत कुणाशी बोलत नसत. एका शेठजींच्या देणगीतून उभी राहिलेली ती बैठी इमारत गिरणीच्या भिंतीला टेकून होती. आत फिनेलचा वास, सशांचे पिंजरे. मागे तारेचं कुंपण घातलेलं अंगण. मेलेल्या जनावराचं पोट फाडून रोग शोधण्यात डॉक्टरांचा हात धरणारं कुणी नव्हतं. जिवंत जनावरांत त्यांना फारसा रस नव्हता.

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांनी रस्ते भरून वाहत होते, त्याच दिवसांत लालबागच्या तबेल्यांमध्ये घटसर्प शिरला. म्हशींचे गळे सुजत, श्वास घरघरू लागे, जीभ बाहेर येई आणि दिवस मावळायच्या आत जनावर आडवं होई. सुंदराबाई गवळणीच्या गोठ्यातल्या सगळ्या गेल्या. उरली एकटी चंद्री, कपाळावर पांढरा चांद असलेली.

डॉक्टरांनी तिचं रक्त तपासलं आणि म्हैसच मागितली.

"मालक गेल्यापासून हिच्यावरच जगतेय मी, डाक्तरसाहेब."

"ही रोग पसरवतेय. माझ्याकडे द्या, नाहीतर गोळी घालावी लागेल."

हे खोटं होतं. चंद्रीच्या रक्तात रोग परतवणारं जे काही होतं ते बाटलीत भरता आलं, तर डॉक्टरांचं नाव विलायतेपर्यंत जाणार होतं.

त्यांनी चंद्रीला प्रयोगशाळेच्या अंगणात आणून घटसर्पाच्या जंतूंची पहिली सुई टोचली. चंद्री रवंथ करत राहिली. दुपारी सुंदराबाई चारा घेऊन आली, तेव्हा तिचा आवाज बसला होता.

"मोर्च्यात ओरडला असाल," डॉक्टर म्हणाले. ती मोर्च्यात गेलीही होती.

चंद्रीला दुसरी सुई दिली, तेव्हा सुंदराबाईचा गळा बाहेरून सुजला. तिसऱ्या वेळी तिला पाणी गिळवेना. मधल्या दिवसांत मात्र बाई ठणठणीत.

"साहेब, सुई म्हशीला आन् ताप बाईला," प्रयोगशाळेचा शिपाई भिवा म्हणाला. "हे बरं न्हाई."

डॉक्टर चिडले. "माणसाच्या रोगालाही घटसर्प म्हणतात म्हणून घोटाळा करू नकोस. नाव एक, जंतू वेगळे. गुरांचा माणसाला होत नाही."

तरी त्यांनी सुंदराबाईच्या घशातून कापसाचा बोळा फिरवला, काचपट्टी रंगवली आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. आखूड काड्या, दोन्ही टोकं गडद, मध्ये फिकट. त्यांनी स्वतः वाढवलेले जंतू.

चंद्रीच्या रक्ताची पट्टी कोरी होती.

ते खिडकीशी आले. बाहेर बाकावर सुंदराबाई गळा धरून बसली होती.

"काय निघालं?" तिनं विचारलं.

"काही नाही. मिठाच्या गुळण्या करा."

ती उठली, चंद्रीच्या मानेवरून हात फिरवत म्हणाली, "हिला सुया पुरे करा, साहेब. मुकं जनावर आहे."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मात्रा तिप्पट केली. त्यांना बघायचं होतं.

सुंदराबाई इस्पितळात वारली. गळा एवढा आवळला होता की शेवटी तिला चंद्रीला हाक मारायची होती, ती मारता आली नाही, असं भिवा सांगत आला. अंगणात चंद्री गवत खात होती.

आता हिचं सोसणारं कुणी उरलं नाही. आता ही मरेल. डॉक्टरांनी पुन्हा सुई टोचली.

सकाळी चंद्री उभी होती. कान टवकारलेले.

डॉक्टरांनी चहाचा घोट घेतला. नीट उतरला. शेजाऱ्यांकडे फोन करून बायकोची चौकशी केली. ती भाजी निवडत होती. भिवाचा गळा चाचपला. सगळे धडधाकट.

"हिला चारा कोण घालतं हल्ली?"

"मीच की. आन् कुंपणातून एक पोरसवदा बाई घालायची. नवीनच लगीन झालेली, हिरवा चुडा. चंद्री तिचा हात चाटायची."

"कुठली ती?"

"कोन जाणे. हितल्याच एखाद्या चाळीतली. आज न्हाई आली."

चाळीचाळींतून विचारत फिरता आलं असतं.

डॉक्टर गेले नाहीत.

काही दिवसांनी, भर दुपारी, कुंपणातून एक हात आत आला. निराळाच. बांगड्या नव्हत्या, मुठीत कोबीची पानं होती. चंद्रीनं मान लांबवली. तारेपलीकडे कुणीतरी गुदगुल्या झाल्यासारखं हसलं.

डॉक्टरांच्या हातात सुई भरून तयार होती. चंद्रीचं चाटून होईपर्यंत ते थांबले.