चौथी ओळ कोरी

गुरुवार, दुपारी चार वाजून चार मिनिटं. तळवड्यातल्या एका वर्कशॉपच्या माळ्यावर हजेरी चालू होती आणि आडखडक ठाण्यानं उत्तर दिलं नाही. नोंदवहीत मात्र उत्तर लिहिलेलं होतं. अक्षर विजयश्रीचं होतं आणि शाई अजून ओली होती.

हे कसं झालं ते सांगायचं तर पाच आठवडे मागं जावं लागेल.

सप्टेंबरचा पहिला गुरुवार होता. इकडं सुट्टी रविवारची नसते, गुरुवारची असते. त्या दिवशी तळवड्याच्या गल्ल्या ओळखू येत नाहीत. प्रेसचा ठोका नाही, ग्राइंडरची किरकिर नाही. पत्र्याच्या शेडांवर कबुतरं चालली तरी ऐकू येतं. अशा शांततेत विजयश्री लोखंडी जिना चढत होती, आणि मधल्या पायरीवर एक तरुण बुटाची नाडी बांधत वाट अडवून बसला होता.

"मॅडम, समुद्र हिकडंच हाय का?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"वर जाऊन उजवीकडे," ती म्हणाली. "पाणी खोल आहे. बूट काढून या."

तेव्हा त्यानं वर पाहिलं. पाहिलं ते जरा जास्तच वेळ.

त्याचं नाव सार्थक. कुरुळीचा, तिथल्याच शेतकरी घरातला. जमिनीवर गोदाम उभं राहिलं आणि त्याच गोदामात तो फोर्कलिफ्ट चालवायला लागला. ती मूळची अंबाजोगाईची, आता चिखलीत राहणारी, चाकणच्या एका कारखान्यात सुटे भाग तपासणारी. समुद्र दोघांनीही पाहिलेला नव्हता. तिच्या येण्याला मात्र कारण होतं. डिसेंबरात कंपनीची सहल किनाऱ्यावर गेली होती. ही गेली नव्हती, शेजारच्या टेबलावरची करिष्मा गेली होती. बस परत आली तेव्हा एक सीट रिकामी होती.

"तुम्ही का आलात?" तिनं विचारलं.

"आमच्या गोदामात समुद्रावरनं खोकी येत्यात. म्हणलं, कुठनं येत्यात ते तरी बघू." आणि मग हळूच, "पोहता येतं तुम्हाला?"

"नाही."

"मला बी न्हाई. बरं झालं... जोडी जमली."

माळ्यावर ज्योतीराम सर नव्या स्वयंसेवकांना तटरक्षक ठाण्यांची ओळख करून देत होते. सरांची उमर जहाजावर गेली होती, आणि बोलताना ते अजूनही पाय फाकवून उभे राहत, जणू खाली जमीन हलतेय. किनाऱ्यावर बुडणाऱ्यांत आपल्या पट्ट्यातली माणसं फार, म्हणून आपल्या पट्ट्यातले स्वयंसेवक हवेत, असं त्यांचं सरळ म्हणणं होतं. सुट्ट्यांच्या दिवसांत किनाऱ्यावर उभं राहायचं, आपल्या माणसांना आपल्या भाषेत अडवायचं, आणि ठाण्यांवर लागेल ती मदत करायची.

त्यांनी भिंतीवरच्या नकाशावर चार ठाणी दाखवली. खारवेळ मोठं, तिथं गस्तीची जहाजं आणि हेलिकॉप्टर. समुद्रात कुठंही माणूस हरवला की शोध तिथून निघतो. मोरबंदरचं काम मच्छीमारांचं, वादळाचा इशारा पोचवायचं आणि बंद पडलेल्या बोटी ओढून आणायचं. शिंपळ्याला पर्यटकांची पुळण, म्हणून तिथं जीवरक्षक. चौथ्या ठाण्यापाशी सरांचं बोट जरा थांबलं.

"आडखडक. तिथं बोट नाही. खडकावर एक खोली, दोन माणसं आणि एक वायरलेस. त्या खाडीत शिरलेल्या होड्यांचा आवाज दुसऱ्या कुठल्याच ठाण्याला ऐकू येत नाही. तिथलं काम एकच. ऐकणं. भरतीला खडकाची वाट पाण्याखाली जाते, मग ओहोटीपर्यंत तिथलं माणूस तिथंच."

दर गुरुवारी चारला आतल्या लहान खोलीतून चारही ठाण्यांची हजेरी घेतली जाई. खारवेळमार्फत आवाज जाई आणि स्पीकरमधून उत्तर येई. ठाण्याचं नाव घ्यायचं, पलीकडून "ऐकतोय" आलं की वेळ टाकून ओळ लिहायची. ऐकलं तेच लिहायचं, आणि ऐकल्यावरच लिहायचं. हे सरांनी तीनदा सांगितलं. चारही हजर लागली की पुढची विचारपूस दुसऱ्या दिवशी सकाळी आठला.

अक्षर नीट म्हणून नोंदवही विजयश्रीकडे आली. हाका मारायचं काम सार्थकनं मागून घेतलं. कशासाठी, ते सगळ्या तुकडीला कळलं.

पहिली तीन ठाणी लगेच उत्तर द्यायची. आडखडकचं उत्तर उशिरा यायचं, कधी दोन मिनिटांनी, कधी पाच. तेवढा वेळ स्पीकरमधून नुसता पाण्याचा आवाज येई, आत ओढल्यासारखा. मग कुणीतरी फार लांबून चालत आल्यासारखं म्हणे, "ऐकतोय."

विजयश्रीचे कान तयार होते. यंत्राच्या आवाजावरून हत्यार झिजलं की नाही ते ती सांगायची. तिसऱ्या गुरुवारी तिनं सार्थकला हळूच सांगितलं, की तिथली माणसं दर आठवड्याला बदलतात, पण आवाज एकच आहे.

"सासरचं माणूस असंल," तो म्हणाला. "लाजत बोलतंय."

ती हसली. पण टेबलावर, वही ठेवायच्या जागेभोवती, एक पांढरी कड आली होती. तिनं बोट लावून जिभेला लावलं. मीठ होतं. इथून समुद्र शंभर किलोमीटरच्या वर.

चौथ्या गुरुवारी तिच्याकडून चूक झाली. चूक कंपनीतली होती. तिथं तासातासाला माप घेऊन पत्रक भरायचं असतं, आणि बस चुकू नये म्हणून शेवटच्या तासाचं माप सगळेच आधी भरून ठेवतात. ती कामाला काटेकोर, पण तेवढं तीही करायची. माप बरोबरच येतं, कधी चुकत नाही. त्या दिवशी सार्थक खाली चहाला थांबतो म्हणाला होता. तिनं हाकेआधीच लिहून टाकलं, "४:०४, आडखडक, ऐकतोय."

सार्थकनं हाक मारली. घड्याळात चार वाजून चार मिनिटं झाली आणि त्याच क्षणी उत्तर आलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. योगायोग म्हणून सोडून देता आलं असतं. पण तपासणीवाली एका मापावर थांबत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या आठच्या हजेरीला कामाआधी ती मुद्दाम आली, तोही आला. तिनं लिहिलं, "८:०९". नऊ मिनिटं दोघं घड्याळाकडे बघत राहिले. आठ वाजून नऊ मिनिटांनी स्पीकर म्हणाला, "ऐकतोय."

आता कुणीच हसलं नाही. खाली येताना जिन्यावर त्यानं तिचा हात धरला, पहिल्यांदाच, आणि तिनं सोडवला नाही. सरांना सांगायचं तर आधी खोटी ओळ लिहिल्याचं सांगावं लागणार होतं. त्यांनी सांगितलं नाही. गुपित दोघांत राहिलं, आणि त्या गुपिताभोवती बाकीचं सगळं वाढत गेलं. कुरुळीच्या फाट्यावरचा चहा, तिची शिफ्ट सुटल्यावर 'सहज' तिकडून जाणारी त्याची गाडी, 'तुम्ही'चं नकळत झालेलं 'तू'.

"माझ्यासाठी बी एक ओळ लिही की," तो एकदा म्हणाला.

"काय लिहू?"

"सार्थकनं विचारलं... विजयश्री हो म्हणाली."

"तू विचारलंस कधी?"

"तू लिवलंस की इचारतो."

"मी आता आधी लिहीत नाही काही," ती म्हणाली, आणि हे बोलताना तिला जरा थंडी वाजली.

दसऱ्याला तो चिखलीत तिच्या दारात आला, आपट्याची पानं घेऊन. आईवडिलांना वाकून नमस्कार केला, सोनं दिलं. आईनं तो गेल्यावर एवढंच विचारलं, की पोराचं घर कुरुळीत नेमकं कुठं. तिला दिलेल्या पानासोबत एक बातमीही होती. त्याला गोदामातून आठ दिवसांची सुट्टी मिळाली होती. सर त्याला आडखडकला पाठवत होते, सोमवारपासून, मदतनीस म्हणून.

"मागून घेतलंस?"

"व्हय. कोण बोलतंय ते बघतो. आणि गुरुवारी चारला तू हाक मारशील, तवा मीच बोलंन. जे इचारायचंय ते तिथनं इचारतो, समुद्रावरनं." मग हसू आवरून म्हणाला, "एक कर. चौथी ओळ कोरी ठेव. मी बोलल्यावरच लिही."

तिनं कबूल केलं. आपट्याचं पान तिनं नोंदवहीत नेमकं त्या ओळीवर ठेवलं.

गुरुवार आला. बाहेरच्या हॉलमध्ये सर नव्या तुकडीला ठाण्यांची ओळख करून देत होते, "तिथं बोट नाही, तिथलं काम एकच." आतल्या खोलीत ती एकटी होती. खारवेळ, मोरबंदर, शिंपळे, तिन्ही वेळेत बोलली. मग पाण्याचा आवाज सुरू झाला. ऑक्टोबरचं ऊन पत्र्यावर तापत होतं, आणि खोलीत ओल्या जाळ्यांचा वास येत होता.

आडखडक, तिनं हाक मारली. चार वाजून एक. दोन. आजवर लिहिलेलं खरं झालं होतं. न लिहिलेलं होईल का, कुणी सांगावं. तिसरं मिनिट सरलं, आणि तिच्या हातानं कंपनीतल्या रोजच्या सवयीनं तेच केलं. पान बाजूला सरकवलं आणि ओळ भरली. "४:०४, आडखडक, ऐकतोय."

चार वाजून चार मिनिटं झाली. पाण्याचा आवाजही थांबला.

तिनं पुन्हा हाक मारली. परत मारली. स्पीकर चालू होता, आतून काहीच येत नव्हतं.

ओळ तशीच ठेवली तर वही सांगत होती की सार्थक हजर आहे. उद्या सकाळी आठपर्यंत कुणी त्याला विचारणार नव्हतं. आणि ओळ खोडली तर... आजवर लिहिलेलं उत्तर आलं होतं. ते अजूनही येत असेल, वाटेत असेल, आणि तीच ते आपल्या हातानं पुसून टाकेल. ती पेन धरून बसली. सरांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, माणूस पाण्यात गेला की शोध जेवढा उशिरा, तेवढा मोठा समुद्र धुंडाळावा लागतो.

चार वाजून पंधरा मिनिटांनी तिनं ओळीवर एकच रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. शेजारी सही केली. मग उठून हॉलमध्ये गेली आणि नव्या तुकडीसमोरच सरांना सांगितलं, की चौथी ओळ तिनं न ऐकता लिहिली होती, आजच नाही, आधीही. सर रागावले नाहीत. ते फोनकडे धावले.

खारवेळहून बोट निघाली. पावणेसहाला तिकडून कळलं ते असं. सार्थकच्या सोबतचा नवनाथ दुपारी पिण्याचं पाणी आणायला किनाऱ्यावर गेला होता, भरतीनं वाट बुडाली आणि तो किनाऱ्यावरच अडकला. खोलीचं दार उघडं होतं. वायरलेस चालू होता. कपातला चहा कोमट होता. बूट दाराशी नीट काढून ठेवलेले होते, नाड्या सोडून. सार्थक नव्हता.

तिथल्या नोंदवहीत त्याच्या अक्षरात शेवटची ओळ होती. सरांनी ती फोनवर ऐकली आणि तिच्याकडे न बघता तिला सांगितली.

"४:०४. तळवडे. विजयश्रीचा आवाज. मी विचारलं. उत्तराची वाट बघतोय."

प्रत्येक हजेरीचं ध्वनिमुद्रण होतं. तळवड्याच्या मुद्रणात त्या मिनिटाला काहीही नाही. खारवेळच्याही नाही. हे दोनदा तपासलं गेलं.

तीन दिवस शोध झाला, सार्थक सापडला नाही. ती शुक्रवारी कुरुळीला गेली. सार्थकची आई गवराबाई ओट्यावर बसली होती. विजयश्रीनं अकरा मिनिटांचं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. गवराबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "त्यानं इचारलं नव्हं? मग तू काय म्हणलीस?"

ती काहीच म्हणाली नव्हती.

पुढच्या गुरुवारी नोंदवही दुसऱ्याकडे जायला हवी होती. सरांनी ती तिच्यासमोर ठेवली. आडखडकची खोली चौकशी संपेपर्यंत कुलूपबंद होती, तिथं माणूस नव्हतं, म्हणून सर म्हणाले की चौथी हाक वगळली तरी चालेल. तिनं वगळली नाही. चौथी ओळ कोरी होती, तिच्यावर आपट्याचं पान होतं, आणि पान अजून हिरवं होतं.

"आडखडक," ती म्हणाली. हजेरीत नावाशिवाय काही बोलायचं नसतं. चार वाजून चार मिनिटं झाली. ती घड्याळाकडे बघत राहिली. पाण्याचा आवाज सुरू झाला, आत ओढल्यासारखा.

"सार्थक," ती म्हणाली, "हो. माझं उत्तर हो आहे."

सर दारात उभे होते, ते पुढं आले नाहीत. मिनिटं गेली. तिनं पेनला हात लावला नाही.

नोंदवहीतली शेवटची नोंद अशी आहे, सही विजयश्रीची, साक्षीदार ज्योतीराम सर:

"४:१५. आडखडक. बोलायचं बटण दाबल्याचा आवाज, दोनदा. शब्द नाही. ऐकतेय."