फ्रेमवर्क घ्यायचं की नाही

अंबरनाथच्या त्या डायलिसिस केंद्रात काउंटरवरची अंजना आली नव्हती, म्हणून जिज्ञासा भोईर स्वतःच काउंटरवर बसली होती. केंद्राचं सॉफ्टवेअर तिनंच लिहिलेलं, सहा वर्षांपूर्वी, एकटीनं. आज मात्र रुग्णांच्या वेळांचं पान उघडायचं नाव घेत नव्हतं, आणि समोर खरवईच्या गयाबाई थकून विचारत होत्या, "पोरी, मना कवा घेशील गो?"

"दोनच मिनिटं, मावशी..."

"सगळ्या वर्षांची यादी एकदम मागवताय ना?" गयाबाईंना घेऊन आलेला त्यांचा भाचा काउंटरवरून आत डोकावला. "फक्त आजची मागवा. लगेच उघडेल."

जिज्ञासानं वर पाहिलं. उंच, सावळा, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या... आणि नजर तिच्यावर नाहीच, थेट स्क्रीनवर!

"तुम्ही खुर्चीत बसा," ती म्हणाली. "डॉक्टरसुद्धा माझ्या काउंटरच्या आत डोकावत नाहीत."

तो हसला आणि बसला. वैताग म्हणजे, त्याचं म्हणणं बरोबर निघालं.

त्याहून मोठा वैताग सोमवारी आला. बदलापूरला दुसरं केंद्र उघडायचं होतं. जुनंच सॉफ्टवेअर तिथं चालवायचं, की सगळं एखाद्या फ्रेमवर्कवर नव्यानं उभारायचं, हे ठरवायला विश्वस्त भारतीताईंनी सल्लागार बोलावला होता. दार ढकलून आत आला तो गयाबाईंचा भाचा — चेतन गायकर.

"फ्रेमवर्क म्हणजे तयार चौकट," तो ताईंना सांगू लागला. "लॉगिन, फॉर्म, सुरक्षा आयती मिळते. पण आपलं काम त्या चौकटीच्या शिस्तीत बसवावं लागतं."

"मग घ्यायचं ना?"

"आधी कोड वाचतो."

आणि तो वाचत बसला! तीन आठवडे, तिच्या शेजारी खुर्ची टाकून, ओळ न ओळ. तिच्या घरच्यांनीही तिचं इतकं लक्ष देऊन कधी ऐकलं नव्हतं.

"अहो, कादंबरी आहे का ती?" ती एकदा भडकली.

"पुढं काय होतंय कळत नाही, म्हणून सोडवत नाही," तो शांतपणे म्हणाला. "हे बघा — 'सोमा म्हात्रे, नऊच्या आधी वेळ देऊ नये.' का?"

"त्यांच्या म्हशी आहेत. दूध घालून बारवी धरणाकडून येतात."

"आणि 'कमळाबाई, खिडकीजवळचाच बेड'?"

"आत भिंतीकडे त्यांना घुसमटतं. तुमच्या फ्रेमवर्कमध्ये असते का हो खिडकी?"

चेतननं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. तिनं उगाच ओढणी सारखी केली, आणि मग ती सारखी केली म्हणून स्वतःवरच चिडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी घोळ झाला. दोन काउंटरवरून एकाच क्षणी नोंद झाली आणि गयाबाई व सोमाकाका दोघंही एकाच मशीनसमोर येऊन उभे राहिले. सोमाकाका म्हणाले, "म्हातारीला घ्या आधी," आणि सुजलेल्या पायांनी दोन तास बाकावर बसून राहिले. जिज्ञासाला त्यांच्याकडे बघवेना. ती मागच्या जिन्यात जाऊन उभी राहिली. पाठोपाठ चेतन आला.

"तुम्ही ते एका काउंटरसाठी लिहिलं होतं. आता दोन आहेत, उद्या चार होतील."

"मग सांगून टाका ना ताईंना! मोडीत काढा म्हणावं."

"तेच तर... सांगता येत नाहीये."

"का?"

तो भराभरा खाली उतरून गेला. असला सल्लागार!

शुक्रवारी चारही विश्वस्तांची बैठक भरली. भारतीताईंनी चष्मा नीट केला. "बोला, गायकर."

"माझं मत धरू नका, ताई," चेतनचे कान लाल झाले होते. "मी तटस्थ राहिलेलो नाही. फ्रेमवर्क घ्या म्हटलं तर यांचं मन मोडेल, म्हणून मी थांबलो. नको म्हणणं खोटं ठरेल. तुम्ही दुसरा माणूस बघा."

त्यानं लॅपटॉप मिटला.

"तीन आठवडे!" जिज्ञासा ताडकन उठली. "तीन आठवडे वाचून हे सांगताय?" ती ताईंकडे वळली. "ताई, दुसरा माणूस नको. फ्रेमवर्क घ्यायचं. पण एकदम नाही. आधी फक्त वेळा लावायचं पान, कारण घोळ तिथं आहे. ते नीट चाललं की पुढचं. सोमाकाकांच्या म्हशी आणि कमळाबाईंची खिडकी मी स्वतः उतरवून घेईन. एकही माणूस सुटणार नाही."

"तुला येतं ते?"

"नाही. शिकेन."

ताईंनी होकार दिला, तोवर चेतन बाहेर पडला होता. जिज्ञासा तरातरा बाहेर पडली. फाटकाशी तिनं चेतनला गाठलं.

"माझं मन मोडेल, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही."

"मग मला विचारायचं! हातचं काम कशाला सोडलंत?"

"कारण तू कोड समजावत असताना मला तुझ्याकडे बघत बसायचं होतं, आणि तुझ्या कोडचा निवाडा करायचा नव्हता." तो अडखळला. "जिज्ञासा, मला तू... आवडतेस."

रस्त्यावरून रिक्षा भराभर जात होत्या. तिचे डोळे भरून आले, आणि त्याचाही तिला संताप आला.

"हे चार विश्वस्तांसमोर जवळजवळ सांगून टाकलंस, आणि मला सर्वांत शेवटी?" ती म्हणाली. "मलाही तू आवडतोस, चेतन. कधीपासून ते माहीत नाही. आणि त्याचा मला भयंकर राग येतोय."

त्यानं घाबरत घाबरत हात पुढे केला. तिनं तो रागारागातच घट्ट धरला.