आखाजीच्या आठवड्यातलं जहाज

बाहेर जळगावचं ऊन मी म्हणत होतं, म्हणून मोहिनी त्या ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात शिरली... घटकाभर कूलरच्या हवेसाठी. पण टेबलामागचा माणूस लगबगीने उठला, पाण्याचा ग्लास पुढे करून म्हणाला, "कुठे जायचंय, मॅडम?"

तिची नजर भिंतीवरच्या पांढऱ्याशुभ्र जहाजावर गेली. "तिथे," ती म्हणाली, आणि स्वतःच दचकली.

"किती जण?"

"एक."

योगेंद्रने – टेबलावरच्या पाटीवर तसं नाव होतं – 'एकट्याच?' असं विचारलं नाही. तेवढ्यावरूनच तो तिला आवडून गेला.

तारीख मात्र तिला लगेच सुचली. आखाजीचा आठवडा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खान्देशातल्या लेकी माहेरी येतात. पिंप्राळ्यातल्या तिच्या गल्लीत झोके बांधले जातात, गाणी रंगतात. मोहिनीचं सासर घटस्फोटाने सुटलं, आई गेली, आणि भाऊ शिरपूरचं माहेरचं घर विकून सुरतेला निघून गेला. झोक्यावरच्या बाया मायेनेच विचारत, "तू नाही का गेलीस गं माहेरी?" यंदा तिला ते ऐकायचं नव्हतं.

मग दर शनिवारी ती जहाज निवडायला येऊ लागली.

"बाल्कनीवाली केबिन घ्या. हातात चहा, समोर समुद्र!"

"तुम्ही पाहिलाय समुद्र?"

"ब्रोशरमध्ये," तो कबूल झाला. "साक्रीचा माणूस मी."

ती खळखळून हसली... किती दिवसांनी!

गोवा की लक्षद्वीप? खिडकी की बाल्कनी? खरं तर पहिल्याच शनिवारी तिचं मन लक्षद्वीपवर बसलं होतं. पण निवड झाली की हे शनिवारही संपणार, या विचाराने तिचा जीव खालीवर होई. त्यालाही घाई दिसत नव्हती. दर वेळी तो एखादं नवं ब्रोशर काढून ठेवी.

अखेर बुकिंगचा शेवटचा दिवस उजाडला. योगेंद्रने पेन उचललं, पुन्हा ठेवलं.

"एक बोलू? जहाज राहू द्या. आखाजीला आमच्याकडे या ना, साक्रीला. आई आहे, दोघी बहिणी येतील... झोका बांधतो."

मोहिनीने हातातलं ब्रोशर मिटलं. आखाजीला घरी कुणाला बोलावतात? लेकीला, बहिणीला! म्हणजे इतके शनिवार हा आपल्याकडे त्या नजरेने... आणि आपण वेड्यासारख्या ठेवणीतल्या ओढण्या काढत होतो.

"लक्षद्वीप. बाल्कनी. एक माणूस," ती म्हणाली. डोळे भरून आले होते, म्हणून तिने मान वर केली नाही.

त्याला आधी काही उमगेना. मग उमगलं, आणि त्याची ऑफिसातली शुद्ध मराठी कुठल्या कुठे पळाली.

"नही, नही! मी तुमले बहीन म्हनीसन नही बलाई राह्यनू!"

आई गेल्यापासून तिच्याशी कुणी अहिराणीत बोललं नव्हतं. तिने हळूच वर पाहिलं.

"मंग... काय म्हनीसन?"

योगेंद्रचे कान लालबुंद झाले. "आखाजी झाली की बहिणी सासरी जातात," तो चाचरत म्हणाला. "घर सुनंसुनं होतं. तुम्ही... तेव्हा या."

मोहिनीने फॉर्म ओढून घेतला आणि सही केली. जायचं तर होतंच. एकदा एकटीने जाऊन बघायचं होतं.

"रविवारी जहाज मुंबईला परत लागतं," ती म्हणाली. "सगळ्यांना घ्यायला कुणी ना कुणी आलेलं असतं. मी... कुठे बघू?"

"सगळ्यांत पुढे," योगेंद्र म्हणाला.