वखारीतला सोमल

दिवस मावळायच्या आत गोमतीबाईला तांड्याबाहेर काढायचं, असं पंचांनी सकाळीच ठरवून टाकलं होतं. छत्तीस सालचा वैशाख. मानोऱ्याजवळच्या त्या तांड्यात घरोघर ओकाऱ्या आणि मुरडा चालू होता, आणि ही एकटी विधवा मात्र खडखडीत होती. एखादीला डाकण ठरवायला लोकांना याहून जास्त पुरावा कधी लागला आहे?

तांड्याचा नाईक भाऊसिंग याला तेवढं पटत नव्हतं. त्याने आदल्या दिवशीच वाशीमहून इंद्रभानला बोलावून घेतलं होतं. इंद्रभान पूर्वी पोलिसात जमादार होता. साहेबाला उलट बोलला, नोकरी गेली, तेव्हापासून खासगी तपास करायचा. सोबत मेहुणा जगदेव. याला तपासातलं ओ की ठो कळत नसे, पण संशय घेण्यात त्याचा हात कोणी धरला नसता.

"तिले हाकललं तर जाईन कुठं? माहेरी कोणी उरलं नाई," भाऊसिंग म्हणाला. त्याचा स्वतःचा पोरगाही आठवडाभर खाटेवर होता.

"तुमाले झाला का तरास?" इंद्रभानने विचारलं.

"होते ना. बैलं घेऊन मालेगावच्या बाजाराले गेलो की बरा असतो. घरी आलो की पुन्हा पोट धरतो."

तांड्यातल्या बायका बियाण्याचे व्यापारी बबनराव यांच्या वखारीत बियाण्याला सोमल चोळायला जात. कीड लागू नये म्हणून. ओकाऱ्या आणि मुरडा सोमलानेही होतो, म्हणून दोघे आधी तिथेच गेले.

बबनराव जरा चिडलेच. "सोमल जहर आहे हे मले कळत नाई का, जमादार? तोंडाले फडकं, आत खानं बंद, हात धुतल्याबिगर कोनाले बाहेर सोडत नाई. अन् लेकरं तर इथं पायही ठेवत नाईत. मंग ते काहून आजारी पडले?"

जगदेवला हे चोख वाटलं. सोमल इथला नसेल, तर तो कुणीतरी नेऊन घातला.

वखारीचा मुकादम लखीराम तर पुढेच सरसावला. "आमी सोमल पान्यात कालवूनच चोळतो. कालपरवाही चोळला. धूळ उडतच नाई. पन गोमतीले म्या पाह्यलं, भुकटी पदरात बांधून नेत होती."

"कालवता कशात?"

लखीरामने कोपऱ्यातलं लाकडी टिपाड दाखवलं.

"जगदेव, घागरभर पानी ओत त्यात."

जगदेवने ओतलं. फळ्यांच्या फटींतून सगळं पाणी त्याच्या नव्या वहाणांवर आलं. बायका पदराआड हसल्या. लखीराम हसला नाही.

तांड्यात भाऊसिंगची बायको जमनाबाई भाकरी थापत होती. मनगटापासून दंडापर्यंत हस्तिदंती चुडा, थापेसरशी खणखणणारा. "हात मातीनं घासून धुते, दादा," तिने लाल झालेले तळवे दाखवले. "तरी माहं लेकरू सुकून राह्यलं. ते डाकणच खाऊन राह्यली त्याले."

गोमतीबाई आपल्या झोपडीच्या दारात गाठोडं बांधून बसली होती. हात उघडे.

"तुमी कोनाले काही खाऊ घातलं?" जगदेवने दरडावलं.

"माह्या हातचं पानी तरी कोणी पेते का, भाऊ?"

जगदेव दोन पावलं मागे सरला.

उन्हं कलल्यावर लिंबाखाली सगळे जमले. बबनराव आणि लखीरामही आले.

इंद्रभान म्हणाला, "जिच्या हातचं कोणी खात नाई, ते जहर घालीन कशात? विहीर म्हनाल तर तिचं पानी तेही पेते. भाऊसिंग बाजारात बरा, घरी आजारी. घरी खाते काय? बायकोच्या हातची भाकर."

जमनाबाई किंचाळली, "म्या माह्या लेकराले जहर घातलं?"

"तुले ठाऊक नसताना, बाई." त्याने काळं घोंगडं पसरलं. "चुडा झटक याच्यावर."

पांढरी भुकटी पडली.

"जवारीचं पीठ हाये ते!" लखीराम ओरडला.

इंद्रभानने चिमूटभर भुकटी निखाऱ्यावर टाकली आणि लोकांना मागे सारलं. लसणासारखा उग्र वास सुटला.

"पीठ जळलं तर भाकरीचा वास येते. हा सोमल. बबनराव, तुमचा नियम ओल्या सोमलासाठी बरोबर होता. पन टिपाडात महिनाभर पानी नाई, म्हनून फळ्या वाळून फाटल्या. लखीराम कोरडाच चोळायले लावत होता. धूळ चुड्याखाली बसते, हात धुतले तरी तिथं पानी पोचत नाई, अन् भाकर थापताना पिठात गळते. गोमतीबाईच्या हातात चुडा नाई, म्हनून ते बरी."

"ओलं बियानं वाळायले दोन दिस लागते," लखीराम पुटपुटला. "मालक घाई करत होते." लखीरामला सगळं ठाऊक होतं, आणि त्याने ते एका निराधार बाईवर ढकललं होतं. जगदेवला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. बबनराव मात्र जमिनीकडे बघत राहिले.

"चुडे उतरवा, धुवा. काम चालू हाये तवर घालू नका," इंद्रभान म्हणाला.

एकही बाई हलली नाही. नवरा जिवंत असताना चुडा उतरवायचा? जमनाबाईने खाटेवरच्या पोराकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"मी जिता हावो," भाऊसिंग घोगऱ्या आवाजात म्हणाला. "काढ."

तिने हात पुढे केला, पण तो अपशकुन अंगावर घ्यायला कोणी धजेना. शेवटी गोमतीबाई उठली, तेलाची वाटी घेऊन आली आणि तिच्यासमोर बसली.

"माहे फोडले होते बायांनी," ती म्हणाली. "तुहे मी तेल लावून काढते, हळूहळू. तुले पुन्हा घालायचे हायेत."