खाली उतरणारा थर

ऐका, पण मधे कोणी खोकू नका. नाहीतर मीच घाबरायचो.

रंगराव माझा मावसभाऊ, सोनाळ्याचा. शास्त्र शिकून प्रयोगशाळेत लागला होता. माणूस हुशार, पण एकदा डोक्यात घेतलं की घेतलंच. त्या साली त्याच्या डोक्यात उत्तर ध्रुव होता. तिथल्या हवेतलं धुरकं मोजायला एक तुकडी जाणार होती. तिच्यात शिरायचं तर आधी इथल्या आभाळाची तीन रात्रींची मोजणी करून दाखवायची होती. दर पाव तासाला एक. एक जरी हुकली, तरी नाव कटलं.

म्हणून देऊळघाटच्या माळावर त्याने पत्र्याची खोली उभारली. छताला झडप आणि खाली लेसर. बटण दाबलं की लाल उजेड सरळ वर जायचा, धुळीवर आपटून परतायचा, आणि पडद्यावरच्या रेघेला उंचवटा यायचा. तो कुठे आला त्यावरून धूळ किती उंच ते कळायचं. त्याच बटणाने पडद्याचा फोटोही निघायचा. पण तो उजेड डोळ्यांत गेला तर माणूस आंधळाच व्हायचा. म्हणून गावातला पुंजाजी बाहेर शिडीपाशी पहाऱ्याला असे. छपरावर कोणी नाही हे बघून तो ओरडायचा, "साफ!" त्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही, असा नियम होता.

तिसरी रात्र. गुरुवार, एक जानेवारी एकोणीसशे शहात्तर, मार्गशीर्षातली अवस. थंडीने दात वाजत होते. दहा वाजता पुंजाजी दारात आला.

"साहेब, छातीत कसंतरी होऊन राह्यलं. घरी जाऊ काय?"

"आजचीच रात हाय ना, भाऊ. आता दुसरा माणूस मले कुठून भेटन? पाच वाजेलोक कळ काढ."

पुंजाजी घोंगडी ओढून शिडीपाशी जाऊन बसला. रंगरावाला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण ध्रुव त्याहून जवळचा होता.

धुळीचा उंचवटा रोजच्यासारखा वीस किलोमीटरवर होता. दीड वाजता त्याच्या खाली दुसरा दिसला. बारीकसा. दहावर.

ढग असेल म्हणून रंगराव बाहेर डोकावला. आभाळ चांदण्यांनी गच्च भरलेलं. ढगाचा पत्ता नाही.

"पुंजाजीभाऊ, बरं हाय ना?"

"हाव..."

पावणेदोन. "साफ." सातवर.

दोन. "साफ." चारवर.

वारा नव्हता. गावाकडची कुत्री भुंकत होती... ती एकदम गप्प झाली.

सव्वादोन. "साफ..." दोनवर.

अडीच. आवाज फार बारीक. एकवर.

उठावं, पुंजाजीला घरी पोचवावं, असं रंगरावाच्या मनात आलं. तो उठलाही. घड्याळाकडे बघितलं... आणि परत बसला.

पावणेतीन.

"साफ..."

बटण दाबलं. खालचा उंचवटा रेघेच्या अगदी सुरुवातीला. म्हणजे जमिनीवर.

बॅटरी घेऊन तो धावला. पुंजाजी शिडीला टेकून बसलेला. डोळे उघडे, वर लागलेले. हात अजून कोमट. श्वास...

नव्हता.

"भाऊ... ओ पुंजाजीभाऊ..."

आणि वरून, छपराच्याही वरून, त्याच आवाजात...

"साफ."

रंगराव बॅटरी टाकून गावाकडे पळाला. उजाडल्यावर चार माणसं घेऊन आला. पुंजाजीच्या बायकोपुढे, रुक्मिणीबाईपुढे, तो लहान पोरासारखा रडला. "म्याच मारलं त्याले, वहिनी. तो घरी जातो म्हने."

कॅमेऱ्यातली फिल्म त्याने बघितलीसुद्धा नाही, तशीच पाठवून दिली. महिन्याभराने फिल्म परत आली, सोबत पत्र. मोजणी अखंड आहे, तुमची निवड झाली.

अखंड? पावणेतीननंतर त्या खोलीत माणूस नव्हता.

रंगराव ध्रुवावर गेला नाही. पत्र चुलीत घातलं. फिल्म माझ्याकडे दिली, म्हणून मी स्वतः बघितली आहे. तीनपासून पाचपर्यंत नऊ फोटो आहेत, दर पाव तासाचा एक. प्रत्येकात वीसवर धूळ. आणि तिच्या खाली, एकमेकांना लागून, दोन बारीक उंचवटे.

एकवर. दोनवर. चारवर...

वर चाललेले.