झाकण लागलंय का?

विचारताय म्हणून सांगतो. स्लोव्हेनियाच्या या पठारावर रात्री काळ्याकुट्ट असतात, म्हणून मी आणि माझा दोस्त व्हिन्को, आम्ही परसात सरकत्या छपराची लाकडी वेधशाळा उभारली. शर्मिष्ठा तारकासमूहाजवळच्या एका तेजोमेघाचा फोटो आम्ही घेत होतो. त्याचा लाल उजेड इतका क्षीण, की कितीतरी रात्री तो साठवावा तेव्हा कुठे चित्र उमटतं. ते उमटण्याआधीच व्हिन्को गेला. थडग्यांवर दिवे लावायच्या सर्व संतांच्या सणाला ते पुरं करून त्याच्या बायकोच्या, रोझिकावहिनीच्या हातात द्यायचं, एवढंच माझ्या मनात होतं.

पण फोटोंच्या कोपऱ्यात लाल डाग येऊ लागला. कुंपणापलीकडेच दफनभूमी. वहिनी रोज व्हिन्कोच्या थडग्यावर लाल काचेचा दिवा ठेवायची. संशय दुसऱ्या कुणावर घेणार? बोलायला गेलो, तर तीच अंगावर आली.

"चोराच्या उलट्या बोंबा! रोज माझा दिवा तूच पळवतोस, बोगो. तुझ्या फोटोच्या आड येतो ना!"

"वहिनी, शपथ..."

"शपथा राहू दे. आज तुझ्याच स्वयंपाकघरात बसते. बघते कसा उठतोस ते."

आली. एरवी अक्रोड भरलेला गोड पाव, आमची पोतित्सा, घेतल्याशिवाय ती उंबरा ओलांडत नसे. आज मांडीवर नुसती पिशवी, आणि नजर माझ्यावर. मला रागही आला आणि वाईटही वाटलं.

अंधार पडताच तिच्यासमोर दुर्बिणीला झाकण घट्ट लावलं आणि आम्ही आत आलो. झाकण लावून असे काळे फोटो घ्यावेच लागतात. त्यांत कॅमेऱ्याचा स्वतःचा कचरा दिसतो, तो मग खऱ्या फोटोंतून वजा करायचा. फोटो एकेक करून टेबलावरच्या संगणकावर उमटत होते.

पहिलाच उमटला... कोपऱ्यात लाल डाग.

दुसऱ्यात डाग मोठा झाला. त्याच्या कडेला बोटांसारख्या सावल्या होत्या.

वहिनी कुजबुजली, "तो असंच करायचा ना रे? झाकण लागलंय का, ते बघायला मधेच दिवा घेऊन जायचा... आणि तू ओरडायचास."

ओरडायचो खरा. एवढ्याशा उजेडानेही काळे फोटो नासायचे.

"वहिनी... आजचा दिवा ठेवलास थडग्यावर?"

"छे. चोरशील म्हणून पिशवीतच ठेवला. पेटवलासुद्धा नाही."

तिने पिशवी उघडली. नव्याकोऱ्या दिव्यातलं मेण अर्धं जळालं होतं. वात अजून धुमसत होती...

तिचा संशय तिथेच फिटला, पण मला त्याचं सुख झालं नाही. मी भीतीने गारठलो होतो. ती मात्र संगणकाकडे बघत, घरातल्या माणसाशी बोलावं तशी म्हणाली, "लागलंय रे झाकण, व्हिन्को. झोप आता."

पुढचा फोटो उमटला. डाग नव्हता. होता तो अख्खा तेजोमेघ, आम्हा दोघांना कधीच साधला नव्हता असा, काठोकाठ लाल.

मी बॅटरी घेऊन परसात धावलो. झाकण जागेवरच होतं, मी लावलं होतं तसंच घट्ट. हात लावला, तर कोमट लागलं.